चंदेरी चादर किती ऊब धरते? पावसाळी ट्रेकला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

जुलैतला शनिवार, गडाच्या माथ्यावर आडवा पाऊस. आमच्याबरोबर पहिल्यांदाच आलेला एक मुलगा चढताना मागे पडला होता आणि वर पोचला तेव्हा काकडत होता. कुणीतरी चटकन सॅकमधून चंदेरी चादर काढली, उलगडली आणि त्याच्या खांद्यांवर टाकली. सगळ्यांना वाटलं, झालं काम. दहा मिनिटांनी बघतो तर त्याचे ओठ आणखी निळसर झालेले, चादरीची दोन्ही टोकं वाऱ्यावर फडफडतायत, आत भिजलेला सुती टी-शर्ट तसाच अंगाला चिकटलाय आणि बुडाखाली ओला कातळ.

मग त्याला पडक्या भिंतीच्या आडोशाला नेलं. टी-शर्ट काढून एकाचा कोरडा स्वेटर घातला, डोक्यावर कानटोपी चढवली, खाली मॅट आणि मॅटवर रिकामी सॅक ठेवून त्यावर बसवलं. मग तीच चादर स्वेटरवरून गुंडाळली आणि तिच्या कडा त्याच्याच मांड्यांखाली दाबल्या. हातात चिक्की दिली. अर्ध्या तासाने तो स्वतःहून बोलू लागला. दोन्ही वेळा चादर तीच होती. तेव्हापासून नवीन मंडळी बरोबर असली की निघण्याआधी मी या चादरीबद्दल सविस्तर बोलतो. ते सगळं इथे लिहून ठेवतो आहे.

ही चादर म्हणजे नेमकं काय

हातात घेतली की चॉकलेटच्या वेष्टनासारखी वाटते. पॉलिएस्टरची, केसापेक्षाही पातळ, साधारण १२ मायक्रॉन जाडीची फिल्म असते. निर्वात पोकळीत ॲल्युमिनियमची वाफ करून तिच्यावर धातूचा थर बसवलेला असतो, आणि तो मिलिमीटरच्या दहा-हजाराव्या भागाहूनही पातळ. २१० बाय १६० सेंटिमीटरची अख्खी चादर ५५-६० ग्रॅम भरते आणि घडी मुठीत मावते. हे साहित्य १९६४ च्या सुमारास नासाच्या कामातून पुढे आलं, म्हणून तिला स्पेस ब्लँकेट म्हणतात. १९७३ साली स्कायलॅब या अवकाशस्थानकाची ढाल तुटून ते उन्हाने तापू लागलं, तेव्हा अंतराळवीरांनी अशाच धातू चढवलेल्या कापडाची छत्री उघडून ते थंड केलं होतं. आपल्या इस्रोच्या उपग्रहांवर दिसणारं सोनेरी वेष्टनही याच कुळातलं.

पण अवकाशात हवा नाही, पाऊस नाही, ओला कातळ नाही. तिथे उष्णता एकाच वाटेने जाते, प्रारणाने, म्हणजे निखाऱ्याची धग जशी हवेला न विचारता गालावर येते तशी. ती वाट ही चादर फार चांगली अडवते. पाकिटावर ‘९० टक्के उष्णता परत देते’ असं छापलेलं असतं, ते या एका वाटेपुरतं खरं. अंगातून जाणाऱ्या एकूण उष्णतेतली ९० टक्के वाचते असा त्याचा अर्थ घेतला तर गडावर फसगत होते.

अंगातली उष्णता चार वाटांनी जाते. प्रारण ही पहिली. दुसरी वाऱ्याची, तिसरी ज्यावर आपण टेकतो त्या गार वस्तूची आणि चौथी ओलाव्याच्या वाफेची. बंद खोलीत, वारा नसताना, उघडं माणूस स्वस्थ बसलं असेल तर निम्म्याहून जास्त उष्णता प्रारणाने जाते. १२ अंश सेल्सियसच्या गारठ्यात उघड्या अंगातून या एका वाटेने दीडशे वॅटच्या घरात उष्णता निघून जाते, आणि स्वस्थ बसलेलं शरीर तयार करतं ८० ते १०० वॅट. म्हणजे ही गळती किरकोळ नाही. पण ताशी १८-२० किलोमीटरचा वारा सुटला की हिशेब फिरतो. उघड्या अंगावरून तो वारा प्रारणाच्या चौपटीच्या आसपास उष्णता ओढून नेतो. कोकणकड्यावर जुलैत उभं राहिलेल्याला हा वारा किती साधा आहे ते सांगायला नको.

चौथी वाट सगळ्यात घातक आणि नवख्यांना ती दिसतच नाही. माठ कसा गार होतो? पाझरलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ मडक्यातली उष्णता घेऊन जाते. ओल्या टी-शर्टमधलं माणूस म्हणजे चालताबोलता माठ. टी-शर्ट आणि पँट मिळून अर्धा लिटर पाणी सहज धरतात. एवढं पाणी अंगाच्या उबेवर वाळायचं तर स्वस्थ बसलेलं शरीर पावणेचार तासांत जेवढी उष्णता बनवतं तेवढी सगळी त्यातच खर्ची पडते. जुलैत गडावर तापमान १८-२० अंश असतं, बर्फाचं नावही नसतं, तरी माणसं गारठून आजारी पडतात ती यामुळे.

या चारांपैकी चादर तीन वाटांवर काम करते. प्रारण अडवते, वारा शिरू देत नाही आणि वाफ बाहेर जाऊ देत नाही. माझ्या मते आपल्या डोंगरांत तिची मोठी कमाई दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात आहे, चमकेचं काम त्यानंतर येतं. आणि ती दोन्ही कामं तेव्हाच होतात जेव्हा चादर चहूबाजूंनी बंद असते. खांद्यावर शालीसारखी टाकलेली चादर यातलं काहीच नीट करत नाही. उरलेल्या वाटेवर, म्हणजे बुडाखालच्या कातळावर, तिचा उपयोग जवळजवळ शून्य. तिच्यात जाडीच नाही. घोंगडीत लोकरीच्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा ऊब धरते, शिवाय लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही. म्हणून तर आपल्याकडे भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन माणसं रानात दिवस काढत आली. चादरीत अडकायला हवा नाही. गार दगडावर ती अंथरून झोपलात तर गार दगडावरच झोपलात.

आधी घरी करून बघा

एक चादर घरी फोडा. शंभर-दीडशे रुपये गेले तरी चालतील, कारण बधिर बोटांनी, अंधारात, वाऱ्यात ती पहिल्यांदा उघडायची वेळ येऊ नये. घडी उलगडताना ती स्वतःलाच चिकटते, नखाने ओढली तर फाटते, आणि एकदा कडेला चीर गेली की ती चीर थेट दुसऱ्या टोकापर्यंत पळते. तळहाताच्या सपाट भागाने हळूहळू सोडवायची सवय करा. मग ती चेहऱ्यासमोर वीतभर अंतरावर धरा. क्षणभरात गालाला स्वतःचीच ऊब परत आल्यासारखी जाणवेल. आता ती हाताच्या त्वचेला घट्ट चिकटवा. ऊब जाणवत नाही, उलट गार लागते. परावर्तनाला मधे फट लागते. म्हणून ती कपड्यांवरून, सैल घ्यायची. घट्ट आवळली तर स्वेटर दबतो, त्यातली हवा जाते आणि फायद्याऐवजी तोटा होतो.

दुसरा प्रयोग स्वयंपाकघरातला. चिनी मातीचे चार सारखे कप घ्या. स्टीलचे पेले घेऊ नका, स्टील स्वतःच चकचकीत असतं, त्याच्यातून प्रारण मुळातच कमी जातं आणि फरक कळत नाही. चारांत सारखं गरम पाणी ओता. पहिला उघडा ठेवा. दुसऱ्याला बाजूने चादरीचा तुकडा सैल गुंडाळा, तोंड उघडं. तिसऱ्याला बाजूने गुंडाळून वरून तुकड्याचंच झाकण घाला. चौथ्याला ओलं फडकं गुंडाळा. पंखा लावा आणि वीस मिनिटांनी बोट बुडवून बघा. ओल्या फडक्याचा कप सगळ्यात गार, झाकलेला सगळ्यात गरम, आणि बाजूने चादर असूनही तोंड उघडं राहिलेला कप उघड्या कपापेक्षा थोडाच बरा. मुलांना हे दाखवलं की पुढचं अर्धं बोलणं वाचतं.

काय विकत घ्यायचं

बाजारात तीन प्रकार मिळतात. सुटी चादर सगळ्यात हलकी, पण वाऱ्यात सांभाळायला अवघड. त्याच साहित्याची पिशवी, जिच्यात माणूस पायांकडून शिरतं, ती शंभर ग्रॅमच्या आसपास भरते आणि माझ्या सॅकमध्ये तीच असते, कारण ती तीन बाजूंनी आपोआप बंद असते. तिसरा प्रकार जाड, कापडाचा थर असलेला, कडांना भोकं असलेला. तो पुन्हा पुन्हा वापरता येतो, वजनाने मात्र जास्त. एकट्यासाठी पिशवी, दहा-बारा जणांच्या गटासाठी दोन पिशव्या आणि एक जाड चादर, असं मी सांगतो. तीन-चार चिकटपट्ट्या घडीवर गुंडाळून ठेवा, सुटी चादर बंद करायला त्यांच्याइतकं सोयीचं काही नाही.

पैसे कमी असतील तर कचऱ्याची मोठी, जाड काळी पिशवी घ्या. वारा आणि वाफ या दोन्ही वाटा ती अडवते. प्रारणाचं काम होत नाही, पण आपल्या पावसात ती नीट वापरली तर खांद्यावर फडफडणाऱ्या चंदेरी चादरीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते. चेहऱ्यासाठी आधीच गोल भोक पाडून ठेवा. कोणतीही प्लास्टिकची वस्तू तोंडावरून घ्यायची नाही, झोपताना तर मुळीच नाही.

सोनेरी बाजू कुठे, चंदेरी कुठे, हा प्रश्न हमखास येतो. ऊब हवी असेल तर चंदेरी आत अशी सूचना असते. व्यवहारात उबेतला फरक थोडा असतो. सोनेरी बाजू बाहेर असली तर शोधणाऱ्यांना माणूस लांबून दिसतं, तेवढ्यासाठी ती बाहेर ठेवा. उलटसुलट करत वेळ घालवू नका.

गडावर वेळ आली तर

सगळ्यात आधी ओळखायला शिका. हुडहुडी भरते, बोटं ऐकत नाहीत, बुटाची नाडी बांधता येत नाही. हातातून बाटली निसटते, पाय अडखळतो, जीभ जड होते. एरवी हसतमुख असलेलं माणूस चिडचिड करतं, नाहीतर गप्प होऊन मागे राहतं. ‘मी ठीक आहे, तुम्ही व्हा पुढे’ हे वाक्य ऐकलं की मी थांबतो. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात आणि त्यात विचारशक्तीच मंदावते, त्यामुळे त्या माणसाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही.

थांबायचं ते वाऱ्याच्या आड. कडा, माची, खिंड सोडा. गुहा, देऊळ, तटबंदीची आतली बाजू, काही नसेल तर मोठ्या खडकामागे. आधी जमिनीची सोय करा: मॅट, सॅक, दोर, वाळलेलं गवत, जे असेल ते जाडसर अंथरा. मग ओले कपडे काढून कोरडे घाला. लाजेपायी हे टाळलं जातं, विशेषतः मिश्र गटात. दोघींनी किंवा दोघांनी चादर आडवी धरली की तिचाच पडदा होतो. डोकं पुसून टोपी घाला. त्यानंतर चादर: कोरड्या कपड्यांवरून, सैल, गळ्याशी बंद, कडा खाली दाबलेल्या, पाय आत. रेनकोट किंवा पोंचो चादरीच्या वरून घाला म्हणजे ती फडफडत नाही, फाटत नाही.

कोरडे कपडे नसतील तर? तर ओले कपडे पिळून पुन्हा घाला, त्यावर प्लास्टिक किंवा चादर लपेटा आणि तिच्या बाहेरून स्लीपिंग बॅग, घोंगडी, इतरांची जाकिटं, जे मिळेल ते घाला. इथे चादर चमकण्यासाठी नसते. ती वाफ अडवते आणि बाहेरची पांघरुणं कोरडी ठेवते. आतला ओलावा एकदा कोमट झाला की माठाचा खेळ थांबतो.

शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तर गूळ, चिक्की, साखरेचं कोमट पाणी, गोड चहा द्या. हुडहुडीत शरीर एरवीच्या कितीतरी पट उष्णता बनवतं आणि त्याला इंधन लागतं. ‘एक घोट घेतला की गरम वाटेल’ म्हणून कुणी दारू पुढे केली तर स्पष्ट नको म्हणा. तिने त्वचेकडचं रक्त वाढतं, गरम वाटतं आणि आतली ऊब झपाट्याने बाहेर जाते. अर्ध्या तासाने थरथर थांबून चेहऱ्यावर रंग आला, बोलणं सरळ झालं, तर सावकाश चालवत खाली आणता येतं.

एक गोष्ट मनावर कोरून ठेवा. चादर उष्णता बनवत नाही, आत जी आहे ती अडवते. माणूस अजून काकडत असताना आत चूल पेटलेली असते आणि चादर कामाची ठरते. काकडणं थांबलं आणि तरीही माणूस गार, गुंगीत, तुटक बोलणारं असेल, तर चूल विझत चालली आहे. तेव्हा नुसती चादर पुरत नाही, बाहेरून ऊब द्यावी लागते. स्टोव्ह असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या मोज्यात घालून काखेत आणि छातीशी ठेवा, उघड्या कातडीला लावू नका. नाहीतर दुसऱ्या कोरड्या, धडधाकट माणसाने पिशवीत शेजारी शिरायचं. अशा माणसाला आडवं ठेवा, हळुवार हलवा, हातपाय चोळू नका, चालवू नका, तोंडात काही घालू नका. धसमुसळेपणाने हलवलं तर गारठलेल्या हृदयाची लय बिघडू शकते. ११२ किंवा १०८ ला फोन लावा, पायथ्याच्या गावात निरोप धाडा. शिट्टी असेल तर मिनिटाला सहा वेळा वाजवा, मग मिनिटभर थांबून पुन्हा सहा. अंधारात कुणी शोधायला येत असेल तर चादर त्यांच्या टॉर्चच्या झोतात आरशासारखी चमकते. ती त्यांच्या दिशेने हलवत राहायला दुसऱ्या कुणाला तरी सांगा.

रात्र काढायची असेल तर

हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात पारा एक आकडी होतो आणि नवखी मंडळी पातळ पांघरुणाबरोबर ही चादर घेऊन येतात, की झालं. रात्रभरासाठी ती पांघरूण नाही. पहाटेपर्यंत आतल्या बाजूला श्वासाचं आणि घामाचं पाणी जमतं. स्लीपिंग बॅगवरून ती पूर्ण बंद केली तर ते पाणी बॅगेतच मुरतं आणि दुसऱ्या रात्री बॅग निम्मी ऊब देते. बॅगच्या वर घ्यायचीच असेल तर गळ्याकडे आणि पायांकडे मोकळी ठेवा, तंबूत किंवा गुहेत झोपला असाल तर मॅटच्या खाली घालून जमिनीची ओल अडवा. कुशी बदलताना ती चुरचुरते, शेजारच्यांची झोप जाते, हेही सांगून ठेवतो. चुलीजवळ, स्टोव्हजवळ ती न्यायची नाही. वितळून कातडीला चिकटते.

हिमालयात निघाला असाल तर हेच सगळं लागू आहे, फक्त चुकीला जागा कमी. हजार मीटर चढलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. कळसूबाई १६४६ मीटर, आणि पहिल्याच हिमालयी ट्रेकचा कॅम्पही त्याच्या दुप्पट उंचीवर असतो. तिथे चादर सॅकच्या तळाशी नको, वरच्या कप्प्यात हवी.

वापरलेली चादर घडी घालून पुन्हा ठेवू नका. घड्यांवर ॲल्युमिनियम निघतं, चादर उजेडात धरली की बारीक रेषा आणि ठिपके आरपार दिसतात. न वापरलेली घडीही सॅकच्या दमटपणात काही वर्षांनी आतल्या आत चिकटते. म्हणून मी पाकिटावर मार्करने खरेदीचा महिना लिहितो, दर जूनमध्ये पहिल्या ट्रेकच्या आधी हातात घेऊन बघतो आणि जुनी झाली की ती नवीन मुलांना घरी उघडून बघायला देतो. गडावर फाटलेली चादर मात्र शेवटच्या तुकड्यापर्यंत गोळा करून खाली आणा. वाऱ्याने उडालेला तुकडा कारवीत अडकला की वर्षानुवर्षं तसाच चमकत राहतो, आणि पायथ्याच्या वाडीतली गुरं तिथेच चरतात.